राखीव रकमेचा आकडा

युनियनचा खजिनदार म्हणून त्याची निवड झाली ती सायकलच्या पंपामुळे.

कारखाना कपबशांचा. त्यात तो कान खात्यात होता, म्हणजे ओल्या कपांना कान चिकटवायचा. एका संध्याकाळी स्टँडवर कुणाच्या तरी चाकातली हवा गेली. त्याने याच्याकडे पंप मागितला आणि हा म्हणाला, "पंप आहे, पण देत नाही." मोडलाय, घरी राहिलाय, भावाने नेलाय, असलं काही नाही. दुसऱ्या दिवशी ही गोष्ट भट्टीपासून पॅकिंगपर्यंत सगळ्या खात्यांत पोचली आणि बहुतेकांनी त्याला मनातल्या मनात शिव्या हासडल्या. पण युनियनचा पहिलावहिला संप नुकताच चार दिवसांत आडवा झाला होता. आधीचा खजिनदार अप्रामाणिक नव्हता, त्याला फक्त नाही म्हणता येत नसे. कुणाची आई आजारी, कुणाचं छप्पर गळकं, कुणाची मेहुणी घर सोडून गेली तर तिला शोधायला गाडीभाडं. संपाच्या वेळी वर्गणीच्या बरणीत हात घातला तेव्हा बरणीचा तळच हाताला लागला. ही बरणी कारखान्याचीच, झाकण नीट बसत नाही म्हणून रद्द केलेली. तेव्हाचं युनियनचं सगळं अर्थकारण त्या झाकणासारखंच होतं.

नवा खजिनदार निवडताना मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "तो पंपवाला!" लोक हसले आणि हसता हसताच हात वर झाले. पुढे 'पंपवाला' मागे पडून त्याला 'कुलूप' हे नाव चिकटलं. तोंडावर बोलताना 'कुलूपराव'.

नावाचं त्याला वाईट वाटलं नसतं. पण त्याच कारखान्यात, त्याच्याहून सहा वर्षांनी लहान असलेल्या एका माणसाला सगळे 'दादा' म्हणायचे, आणि तो माणूस त्याचा साडू होता.

साडू ही माणसाला न विचारता मिळणारी गोष्ट आहे. दोघी सख्ख्या बहिणी, थोरली याची, धाकटी त्याची. कारखान्यात साडूला चिकटवलं ते यानेच, थोरलीने आठवडाभर धोशा लावला म्हणून. साडूचा हात चांगला, त्याला रंगखात्यात घेतलं. तिथे तो कपांवर फुलं काढायचा. कप लोक धरतात कानाला, पण बघतात फुलाकडे. खजिनदाराने ही तक्रार तोंडाने कधी केली नाही. घरी चहा मात्र तो बिनफुलाच्या कपातून प्यायचा.

दोन-तीन वर्षांत साडू युनियनचा सेक्रेटरी झाला. बोलायला गोड, खांद्यावर हात टाकायची सवय, चारशे कामगारांच्या पोरांची नावं तोंडपाठ. खजिनदारालाही चारशे नावं पाठ होती, पण ती कामगारांची, आणि पुढे कुणाची किती वर्गणी थकली तेही. दोघांची स्मरणशक्ती सारखीच होती. एकीचं कौतुक व्हायचं आणि दुसरी दिसली की लोक रस्ता बदलायचे.

पगाराच्या दिवशी गेटपाशी स्टूल टाकून खजिनदार बसायचा. पाण्याच्या टँकरमागून सटकणाऱ्यांना तो मान न वळवता नावाने हाक मारायचा. बरणीतली रक्कम आधी पोस्टात गेली, तिथून बँकेत मुदत ठेवीत. व्याज अर्ध्या टक्क्याने वाढवून मिळावं म्हणून तो बँकेत इतक्या वेळा गेला, की तो दारात दिसला की तिथला कारकून डबा उघडून बसायचा. लाउडस्पीकरला त्याने नकार दिला ("घसा आहे ना?"). हाताच्या खुर्च्यांना नकार दिला ("हात ज्याचे त्याने आणावेत"). अशा नकारांतून वर्षानुवर्षं युनियनची संपाची राखीव रक्कम वाढत गेली, आणि लोक म्हणायचे, दादांनी युनियन कशी उभी केली बघा.

एकदा भट्टीवरच्या एकाचा हात भाजला. त्याला तीन महिने अर्धा पगार युनियनने द्यायचा, हे खजिनदाराने बसवलं. डॉक्टरशी हुज्जत घालून बिल कमी केलं तेही त्यानेच. पाकीट घेऊन दोघे त्याच्या घरी गेले. पाकीट साडूच्या हातात होतं, पावती खजिनदाराच्या. त्या माणसाची बायको दारातच रडायला लागली.

"दादा, तुमचे उपकार कसे फेडू?"

"अहो वहिनी, उपकार कसले, घरचं काम आहे," साडू म्हणाला.

तिने डोळे पुसले तेव्हा तिला दिसलं, की मागे आणखी एक माणूस उभा आहे.

"इथे सही लागेल," तो माणूस म्हणाला.

घरी येऊन त्याने ही हकीकत थोरलीला सांगितली. सांगताना वाटलं होतं, निदान ही तरी म्हणेल.

"त्यांचं बाई वेगळंच," थोरली म्हणाली. "बोलण्यात जीव आहे त्यांच्या. धाकटीचं नशीब!"

"पाकिटातले पैसे मी बसवले होते."

"मग तुम्हीच द्यायचं होतं की पाकीट. कुणी धरलं होतं तुम्हाला?"

दोन घास कमी खाऊन तो उठला आणि तेही कुणाच्या लक्षात आलं नाही.

आता राखीव रकमेबद्दल. पहिल्या संपाने हात पोळल्यापासून युनियनने एक रीत पाळली होती. बाकीचा सगळा जमाखर्च वार्षिक सभेत वाचायचा, पण संपासाठी किती रक्कम बाजूला आहे ते उच्चारायचं नाही. ती खजिनदाराला माहीत आणि दोन हिशेब तपासनिसांना. सेक्रेटरीलाही नाही, कारण वाटाघाटीत मॅनेजरसमोर बसायचं असतं सेक्रेटरीला, आणि ज्याला आकडा माहीत नाही त्याच्या चेहऱ्यावर तो दिसत नाही. कामगार किती दिवस तग धरतील हे मॅनेजरला कळलं, की त्याला फक्त कॅलेंडर बघत बसायचं उरतं. म्हणून सभेत खजिनदाराने उठायचं, "राखीव रक्कम सुरक्षित" एवढंच म्हणायचं, तपासनिसांनी "पाहिली" म्हणायचं, आणि सगळ्यांनी चहाला जायचं.

ती सभा भरली तेव्हा पगारवाढीची आणि भट्टीवाल्यांच्या उष्णता भत्त्याची बोलणी अडली होती. संप होणार हे उघड होतं. सभा नेहमीप्रमाणे कँटीनमध्ये, शिफ्ट सुटल्यावर. मागच्या दाराशी हजेरी कारकूनही होता. तो कंपनीचा माणूस, पण चहा युनियनचा असला की त्याला कुठलाच पक्ष परका नसे. साडू अर्धा तास बोलला. मॅनेजरच्या चालण्याची नक्कल केली, भट्टीवाल्यांचा घाम कपात किती मावेल याचा हिशेब मांडला, लोक हसून हसून बाकांवर हात आपटत होते. मग तो म्हणाला,

"आता आमचे साडूभाऊ दोन शब्द बोलतील. तीन येत नाहीत त्यांना, आणि आले तरी ते खर्च करणार नाहीत!"

कँटीन कोसळलं. पहिल्या बाकावरचे तपासनीससुद्धा हसले.

खजिनदार उठला. तोंडाशी आलेलं 'राखीव रक्कम सुरक्षित' त्याने गिळलं. आयुष्यभर जमवलं आपण आणि टाळ्या कुणाला, हा विचार त्याच्या मनात नवा नव्हता. रोज कान चिकटवताना तो सोबतीला असायचाच. पण आज तो विचार उठून उभा राहिला आणि बोलायला लागला.

"अकरा लाख," खजिनदार म्हणाला. "राखीव रक्कम. अकरा लाख आहे. व्याजासकट."

एका तपासनिसाने कपाळाला हात लावला. मग मागून कुणीतरी शिट्टी मारली, आणि अख्खं कँटीन टाळ्यांनी दणाणलं. "कुलूपराव! कुलूपराव!" पॅकिंगच्या बायका उभ्या राहिल्या. त्याच्यासाठी वाजलेल्या त्या पहिल्या टाळ्या. त्याने चोरून साडूकडे पाहिलं. साडू टाळ्या वाजवत होता, पण त्याचा चेहरा पांढरा पडला होता. जळतोय, खजिनदाराला वाटलं, आणि त्याला इतकं बरं वाटलं, की हजेरी कारकून चहा अर्धवट टाकून निघून गेला हे त्याने पाहिलं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

अर्थ साडूने बाहेर आल्यावर लावून दिला.

"काय केलंत हे, साडूभाऊ?"

"का? तुम्हीच बोलायचं, आम्ही नाही?"

"अहो, चारशे माणसं. आठवड्याचा संपभत्ता सगळ्यांना ठाऊक आहे. भागाकार करायला मॅनेजरला किती वेळ लागेल?"

खजिनदाराने तो भागाकार तिथल्या तिथे केला. उत्तर पाच आठवडे आलं. पण खरं सांगायचं तर त्या उत्तरापाठोपाठ पहिला विचार आला तो असा, की हे याच्याच आधी लक्षात कसं आलं?

मॅनेजरने बोलण्यांच्या पुढच्या बैठकीत बिस्किटं मागवली. यापूर्वी तो पाणीही विचारत नसे. "सावकाश विचार करा," तो म्हणाला, "आम्हाला काही घाई नाही."

संप सुरू झाला. दर शनिवारी गेटबाहेर टेबल मांडून खजिनदार भत्ता वाटायचा. समोरच्या इमारतीत मॅनेजरची खिडकी. तो तिथे उभा राहून रांग बघायचा, जसं एखाद्याने गळक्या टाकीतलं पाणी उतरताना बघावं. लोक पैसे मोजून घ्यायचे आणि टेबलापलीकडे उभ्या असलेल्या साडूला म्हणायचे, "दादा, तुमच्यामुळे चूल पेटतेय हो." साडू म्हणायचा, "माझ्यामुळे कसली, यांच्यामुळे," आणि खजिनदाराकडे बोट दाखवायचा. यावर लोकांना दादा किती मोठ्या मनाचा आहे हे नव्याने कळायचं. खजिनदाराला वाटायचं, याने एकदा तरी श्रेय लाटावं. निदान रागावायला काही कारण तरी मिळेल.

आपली चूक त्याला खात होती, नाही असं नाही. पण ती एकटीच खात नव्हती. साडूने त्या संध्याकाळनंतर तिचा पुन्हा उल्लेख केला नाही, घरात नाही, युनियनमध्ये नाही. धाकटीला पण सांगितलं नसावं, कारण ती आली की पहिल्यासारखीच "भाऊजी, वाळलात की हो" म्हणायची. हा मोठेपणा त्याला चुकीपेक्षा जास्त टोचायचा. शिव्या घातल्या असत्या तर फिटंफाट झाली असती.

पाचवा शनिवार झाला. रांग संपली तेव्हा टेबलावर रबरबँड उरले.

"किती?" साडूने हळूच विचारलं.

"काही नाही."

"म्हणजे अगदीच...?"

"मी एकदा सांगितला आकडा की तो खरा असतो," खजिनदार फणकारला.

साडूने एक रबरबँड उचलून बोटावर गुंडाळला. मग म्हणाला, "सोमवारी बोलणी आहेत. या वेळी तुम्ही पण चला. काही बोलू नका. विचारलं तर खरं तेच सांगा."

सोमवारी मॅनेजर खुशीत होता. "मग? रक्कम संपली म्हणतात," तो म्हणाला. "उद्यापासून भट्टी पेटवायची का?"

साडू खुर्चीत मागे रेलला आणि हसला.

"साहेब, कुणी सांगितलं संपली?"

"तुमच्याच खजिनदाराने सभेत आकडा सांगितला. अकरा लाख."

"या माणसाने?" साडूने खजिनदाराच्या खांद्यावर हात ठेवला. "साहेब, मी यांचा साडू. इतक्या वर्षांत यांच्याकडे जेवायला गेलो, तर दुसऱ्यांदा वाढताना यांचा हात थरथरतो. यांच्या बायकोला, माझ्या थोरल्या मेहुणीला, यांचा पगार किती हे लग्नानंतर तिसऱ्या वर्षी कळलं, आणि तेही माझ्याकडून. पंप असून दिला नाही म्हणून आम्ही यांना खजिनदार केलं. असा माणूस, मागच्या दारात तुमचा हजेरीवाला चहा पीत बसलेला असताना, भर सभेत खरा आकडा ओरडून सांगेल? साहेब, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा."

मॅनेजर खजिनदाराकडे वळला. "खरं आहे का हे? जास्त आहे रक्कम?"

खजिनदाराच्या अंगाचा तिळपापड झाला होता. हात थरथरतो! त्या दिवशी भांडं गरम होतं. पगाराची गोष्टही अर्धीच खरी होती. परक्या माणसासमोर, खुर्चीत बसून, खांद्यावर हात ठेवून हा आपली अशी धिंड काढतो! त्याचे कान लाल झाले, ओठ आवळले गेले, आणि तो दातांतून म्हणाला,

"मी सांगितला तोच आकडा खरा. एक पैसा जास्त नाही."

मॅनेजर त्या लाल चेहऱ्याकडे बघत राहिला. आयुष्यात त्याने बरीच माणसं खोटं बोलताना पकडली होती, आणि पकडल्यावर ती अशीच दिसतात याबद्दल त्याची खात्री होती. त्याने बिस्किटांची बशी बाजूला सारली. त्याच्याकडेही एका मोठ्या हॉटेलवाल्याची मागणी अडकली होती आणि तो हॉटेलवाला रोज फोन करत होता. दोन दिवसांनी पगारवाढ मिळाली, उष्णता भत्ताही. फक्त करार एक वर्षाचा, पुढच्या वर्षी पुन्हा बोलणी.

जिंकल्याच्या आनंदात गोष्टीला पाय फुटले. सगळ्यांना कळलं की सभेतला आकडा मुद्दाम कमी सांगितलेला होता. दादांचा डाव होता तो. दादांनी कुलूपरावांना सांगितलं, असा आकडा फोडा, म्हणजे साहेब गाफील राहतील. कुलूपरावांनी पण काम चोख केलं हो! लोक त्याच्या पाठीवर थाप मारत. "दादांनी पढवलं तस्संच बोललात! आम्हालासुद्धा कळलं नाही!"

घरी थोरलीही म्हणाली, "त्यांनी सांगितलं म्हणून बोललात होय? मला मेलीला वाटलं, तुम्ही चुकून बोललात."

"चुकूनच बोललो!"

"असू दे आता. कशाला उगीच कमीपणा घेता? त्यांचं डोकं, तुमचं तोंड. घरातच राहिलं ना?"

त्याने आयुष्यात एकच मोठी गोष्ट स्वतःच्या मनाने केली होती. ती मूर्खपणाची होती हे त्याला मान्य होतं, पण ती त्याची होती. आता तीही साडूच्या खात्यावर जमा झाली. त्याला कितीदा वाटलं, गेटवर स्टूलवर उभं राहून ओरडावं, की तो डाव नव्हता, मी फुकटच्या टाळ्यांसाठी तोंड उघडलं होतं. पण तसं ओरडलं तर मॅनेजरला कळणार, की तिजोरीत खडखडाट आहे, आणि वर्षअखेरीला बोलणी पुन्हा होतीच. म्हणून मूग गिळून तो स्टुलावर बसून राहिला आणि वर्गणी गोळा करत राहिला. टँकरमागून सटकणारे आता जास्त होते. एवढी रक्कम दडवून ठेवलीय, वर आमच्याकडून कशाला, असं ते म्हणत.

वर्ष संपत आलं. एका सुट्टीच्या दुपारी साडू एकटाच घरी आला. थोरली धाकटीकडेच गेली होती. त्याने इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, उकाड्याबद्दल बोलला, गुडघ्याबद्दल बोलला. मग खुर्ची पुढे ओढली.

"साडूभाऊ, आता बोलणी आली. या वेळी मला खरा आकडा कळायला हवा."

"पंचाण्णव हजार."

साडू हसला. "ते लोकांसाठी. मी विचारतोय."

"तुम्हालाच सांगतोय. त्या शनिवारी रबरबँड राहिले होते. तुम्ही स्वतः बघितले. त्यानंतर जमले ते पंचाण्णव हजार."

"रबरबँड मी बघितले," साडू म्हणाला, "पण तुम्ही त्या दिवशी ज्या ताठ्यात बोललात, त्या ताठ्यात रिकाम्या तिजोरीचा माणूस बोलत नाही. मी नंतर विचार केला. तुम्ही सगळं एका ठेवीत ठेवणारे नाही. तपासनिसांना विचारलं तर 'पाहिली' एवढंच म्हणतात, आणि बँकेतला कारकून पण म्हणतो, यांचं काही कळत नाही."

खजिनदाराला आता उमगलं. मॅनेजरला सांगितलेली गोष्ट हा माणूस वर्षभर जिथे तिथे सांगत होता, दर वेळी थोडी सुधारून. ती ऐकायला सगळ्यात जास्त वेळा हजर होता तो सांगणारा स्वतः, आणि शेवटी ती त्यालाच पटली होती.

"थोरल्या ताईंना सांगितलंत का?" साडूने विचारलं. आवाजात काहीतरी होतं. "त्यांना माहीत असेल आणि मला नसेल, तर बरं नाही दिसत ते. मी सेक्रेटरी आहे. वर्षानुवर्षं तुमच्याबरोबर राबलो. तुम्ही एकट्यानेच एवढं... आणि मला एका शब्दाने..."

त्याचे कान लाल झाले होते, ओठ आवळलेले होते. हा चेहरा खजिनदाराला परका नव्हता. दाढी करताना तो रोज आरशात भेटायचा. दुसऱ्या कुणाच्या खांद्यांवर तो पहिल्यांदाच दिसत होता, आणि दृश्य मोठं देखणं होतं.

पण या माणसाने न असलेल्या लाखांच्या भरवशावर पुन्हा संप पुकारला, तर चारशे घरांच्या चुली पहिल्याच आठवड्यात विझतील, हेही त्याला दिसत होतं. पासबुक दाखवल्याशिवाय इलाज नव्हता.

"बसा," खजिनदार म्हणाला. "पासबुक आणतो. डोळ्यांनी बघा."

"आणा!" साडू म्हणाला आणि खुर्चीच्या कडेवर सरकला.

पासबुक आतल्या खोलीत कपाटात, वरच्याच कप्प्यात होतं. हात घातला की लागेल असं. खजिनदाराने कपाट उघडलं आणि आधी सगळ्यात खालचा कप्पा नीट लावून घेतला. बाहेर खुर्ची करकरत होती.

"सापडतंय ना हो?" साडूने हाक मारली.

"बघतोय," खजिनदार म्हणाला, आणि मधल्या कप्प्यातल्या चादरी एक एक करून उलगडून, पुन्हा घड्या घालायला लागला.